मदत पोहोचेपर्यंत

विलेपार्ल्याचा नकाशा समोर घेतला, तर शहरावर येऊ शकणारी जवळजवळ प्रत्येक आपत्ती दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात मांडलेली दिसते. पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि त्याला लागून देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक. मधोमध पश्चिम रेल्वेचे रूळ. दक्षिणेला सांताक्रूझच्या हद्दीवर, जोराचा पाऊस लागला की तुंबणारा मिलन सबवे. पश्चिमेला इर्ला नाला, कूपर आणि नानावटी ही मोठी रुग्णालयं, मिठीबाई आणि एन. एम. महाविद्यालयं आणि पलीकडे जुहूची जुनी धावपट्टी. पूर्वेला पार्ले टिळक विद्यालय, साठ्ये आणि डहाणूकर महाविद्यालय, लोकमान्य सेवा संघ, दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह. शिवाय असंख्य सोसायट्या. त्यातल्या अनेक जुन्या इमारतींचा पुनर्विकास विमानांच्या मार्गातल्या उंचीच्या निर्बंधांमुळे, म्हणजे ‘फनेल झोन’मुळे रखडलेला.

हे धोके कागदावरचे नाहीत. 27 जानेवारी 2003 रोजी पार्ले स्थानकाबाहेर सायकलला लावलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दक्षिण मुंबईत हल्ला चालू असताना इथे महामार्गावर एक टॅक्सी उडवली गेली. 28 जून 2018 रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेलं छोटं विमान घाटकोपरच्या दाट वस्तीत कोसळलं आणि विमानातल्या चौघांसह एका पादचाऱ्याचा जीव गेला. 14 सप्टेंबर 2023 रोजी भर पावसात एक खासगी जेट विमान मुंबईच्या धावपट्टीवरून घसरून मोडलं. आतले आठही जण वाचले.

एवढ्याशा जागेत कारभारी मात्र बरेच. पार्ले पूर्व महापालिकेच्या के-पूर्व विभागात येतं आणि पश्चिम के-पश्चिममध्ये. रूळ रेल्वेचे, स्थानकातला बंदोबस्त रेल्वे पोलिसांचा. विमानतळ चालवणारी कंपनी वेगळी, तिथली सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आणि विमानांचं नियंत्रण विमानतळ प्राधिकरणाकडे. एरवी ही विभागणी सोयीची असते. संकटात ती किती महाग पडते, हे शेजारच्या अंधेरीनं दाखवलं. 3 जुलै 2018 च्या सकाळी गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. मोटरमन चंद्रशेखर सावंत यांनी वेळीच ब्रेक लावला म्हणून येणारी लोकल अलीकडे थांबली. पण त्यानंतर या पुलाच्या देखभालीची जबाबदारी रेल्वेची की महापालिकेची, यावरच वाद सुरू झाला. ज्या गोष्टीचा निकाल पूल धडधाकट असताना लागायला हवा होता, तिची चर्चा ढिगारा उचलताना झाली.

आपत्ती व्यवस्थापनाचं पहिलं आव्हान हेच असतं. साधनं बहुधा असतात, माणसंही असतात. पण निर्णय कुणी घ्यायचा हे आधी ठरलेलं नसतं.

26 जुलै 2005 चा दिवस या दृष्टीनं पुन्हा वाचण्यासारखा आहे. विमानतळालगतच्या सांताक्रूझ वेधशाळेनं चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच काळात कुलाब्यात जेमतेम 74 मिलिमीटर पडला होता. म्हणजे दक्षिणेकडच्या कार्यालयांत बसलेल्यांना उपनगरात काय चाललंय याची कल्पनाच येत नव्हती. दुपारी पाऊस वाढल्यावर असंख्य कार्यालयांनी ‘लवकर निघा’ असं सांगून माणसांना एकदमच सोडलं. लोकल थांबल्या होत्या, मिठी नदी पात्र सोडून पसरली होती, भरतीमुळे नाल्यांचं पाणी समुद्रात जात नव्हतं. लाखो माणसं नेमक्या त्या वेळी रस्त्यावर आली. काही जण आपल्याच गाड्यांच्या काचा वर करून बसले आणि गुदमरून गेले. फोन लागत नव्हते, त्यामुळे घरच्यांना निरोप नाही आणि कार्यालयांनाही आपली माणसं कुठे अडकली आहेत याचा पत्ता नाही. मुंबईत चारशेहून अधिक बळी गेले.

पावसाला कुणी अडवू शकलं नसतं. पण कर्मचाऱ्यांना इमारतीतच थांबवायचं की घरी पाठवायचं, हा निर्णय प्रत्येक संस्थेच्या हातात होता. तो घेण्यासाठी लागणारी माहिती आणि अधिकार बहुतेकांकडे नव्हते. रात्री ज्यांना शाळा, कार्यालय किंवा अनोळखी घरात आसरा मिळाला, ते सुखरूप राहिले. आसऱ्यासाठी पिण्याचं पाणी, बॅटऱ्या, थोडं खाणं, नेहमीची औषधं आणि मुक्कामी थांबलेल्यांची यादी एवढंच लागतं. ते आधीच काढून ठेवणारी कार्यालयं आजही मोजकीच सापडतील.

त्या जुलैनंतर यंत्रणा बदलली, हे मान्यच करायला हवं. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीनं पुराची कारणं तपासली. 2005 च्याच डिसेंबरात देशाला आपत्ती व्यवस्थापन कायदा मिळाला. ताशी 25 मिलिमीटर पावसापुरत्या बांधलेल्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या 50 मिलिमीटरसाठी सक्षम करण्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ आराखडा 1993 पासून पडून होता, त्याला गती आली. इर्ला नाल्यावर उदंचन केंद्र उभं राहिलं, त्यामुळे भरतीच्या वेळीही पाणी उपसून समुद्रात सोडता येतं. महापालिकेनं शहरभर स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली. 2020 मध्ये पुराची पूर्वसूचना देणारी ‘आय-फ्लोज’ प्रणाली सुरू झाली आणि 2022 मध्ये वेरावलीला उपनगरातलं डॉप्लर रडार. महापालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा 1916 हा क्रमांक आज बहुतेक मुंबईकरांना पाठ आहे.

पण सूचना संस्थेच्या दारापर्यंत येऊन थांबते. दाराच्या आत काय होतं, हा पुढचा प्रश्न.

त्याचं विदारक उत्तर 17 डिसेंबर 2018 रोजी मरोळमध्ये मिळालं. पार्ल्यापासून फार दूर नसलेल्या राज्य विमा योजनेच्या कामगार रुग्णालयाला दुपारी आग लागली. शंभराहून अधिक लोकांना बाहेर काढावं लागलं. आगीपेक्षा धुरानं जास्त घात केला. जीव वाचवायला काहींनी वरून उड्या मारल्या. सुरुवातीला आठ जणांच्या मृत्यूची नोंद झाली आणि पुढे ही संख्या वाढली. अग्निसुरक्षेच्या अंतिम ना-हरकत प्रमाणपत्राशिवाय रुग्णालय चालू होतं, हे नंतर समोर आलं.

2021 च्या पहिल्या चार महिन्यांत महाराष्ट्रानं रुग्णालयांतल्या आणखी किमान तीन मोठ्या आगी पाहिल्या. 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात अर्भकांच्या कक्षात दहा बाळं दगावली, सात वाचवता आली. मार्चअखेरीस भांडुपमधल्या मॉलमध्ये थाटलेलं कोविड रुग्णालय जळालं. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला. या तिन्ही आगी मध्यरात्रीच्या आसपास किंवा त्यानंतर लागल्या.

ही वेळ नीट लक्षात घ्यायला हवी. संस्थांमधल्या मॉक ड्रिल बहुधा कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास होतात. साहेब हजर असतात, सुरक्षा अधिकारी शिट्टी वाजवतात, सगळे शिस्तीत खाली उतरतात, फोटो निघतात आणि अहवाल फाइलला लागतो. रात्री दोन वाजता त्याच इमारतीत दोन परिचारिका, एक वॉर्डबॉय आणि गेल्या आठवड्यात रुजू झालेला कंत्राटी वॉचमन असतो. जिन्याच्या दाराला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे, ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे, जनरेटर कोण चालू करणार, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण कुठल्या क्रमानं हलवायचा? ही उत्तरं त्या चौघांना माहीत असतील, तरच त्या संस्थेची तयारी आहे असं म्हणता येईल. अग्निशमन दलाचा बंब कितीही वेगानं निघाला, तरी पहिली काही मिनिटं त्या चौघांचीच असतात.

कायद्यानं यासाठी चौकट दिलेली आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. याला ‘बी फॉर्म’ म्हणतात. हे प्रमाणपत्र पंप चालतो का, नळात दाब आहे का, एवढं सांगतं. पाइप कुणी उचलायचा आणि तो कसा सोडायचा, हे माणसांना येतं का, याची नोंद त्यात नसते. वाहनतळ अपुरा म्हणून सोसायटीच्या मोकळ्या जागेत लागलेल्या गाड्या, गच्चीच्या दाराला ठोकलेलं कुलूप, जिन्यात रचलेलं सामान, या गोष्टी तर फॉर्मच्या बाहेरच राहतात. आणि पार्ल्यासारख्या उपनगरात अनेक इमारतींमध्ये मुलं परदेशी असलेले एकटे ज्येष्ठ नागरिक राहतात. लिफ्ट बंद पडल्यावर सहाव्या मजल्यावरच्या आजींना कोण खाली आणणार, हे ठरवायला कुठलंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही. त्यासाठी सोसायटीच्या बैठकीत अर्धा तास पुरतो.

सरावाचं मोल काय असतं, हे 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जगानं पाहिलं. जपान एअरलाइन्सचं 379 जणांना घेऊन उतरणारं विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं आणि पेटलं. तटरक्षक दलाचे पाच जण गेले. प्रवासी विमानातली संपर्क यंत्रणा बंद पडली, आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले. कर्मचाऱ्यांनी भोंगे आणि स्वतःच्या आवाजावर सूचना दिल्या, सामान उचलू दिलं नाही आणि अठरा मिनिटांत सगळेच्या सगळे 379 जण बाहेर पडले. त्यामागे मोठी किंमत मोजून शिकलेला धडा होता. 1985 च्या अपघातात याच कंपनीचे 520 प्रवासी आणि कर्मचारी मरण पावले होते. त्या विमानाचे अवशेष कंपनीनं टाकून दिले नाहीत. 2006 पासून एका केंद्रात ते जपून ठेवले आणि आपल्या कर्मचाऱ्यांना तिथे नेऊन दाखवले.

विमानतळांना हा सराव टाळता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार किमान दोन वर्षांतून एकदा पूर्ण प्रमाणावरची आपत्कालीन तालीम घ्यावीच लागते. म्हणजे भिंतीच्या एका बाजूला तालीम सक्तीची आहे आणि दुसऱ्या बाजूच्या शाळा, महाविद्यालयं, मंगल कार्यालयं, सोसायट्या यांच्यापैकी अनेकांनी ती एकदाही केलेली नाही. नाटकावर जीव असलेल्या पार्ल्याला हे सांगायला नको की महिनाभर तालमी झाल्यावरच पहिल्या प्रयोगात ऐनवेळी दिवे गेले तरी नट अडखळत नाही.

मुंबईत संकटात उभी राहणारी माणसं कमी नाहीत. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटी स्थानकातले उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेर पडण्याचे मार्ग सांगितले. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गर्भवतींना सुरक्षित खोलीत नेऊन दारं बंद केली. या दोघांचं ऋण शहर विसरणार नाही. पण त्या रात्रीची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीनं आणीबाणीसाठी ठरलेली कार्यपद्धती नीट पाळली गेली नसल्याचंही नोंदवलं. एखादी परिचारिका प्रसंगावधानी निघाली तर रुग्ण वाचतील आणि दुसऱ्या पाळीतली घाबरली तर नाही, अशा भरवशावर रुग्णालय चालवता येत नाही. कुलथे यांनी जे सुचून केलं, ते प्रत्येक पाळीतल्या प्रत्येकीला शिकवलेलं असणं म्हणजे संस्थेची तयारी.

चांगल्या हेतूनं पण माहितीविना केलेली कृतीही जीव घेते. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात साचलेलं पाणी जावं म्हणून मॅनहोलचं झाकण उघडलं गेलं आणि घरी चालत निघालेले नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर त्यात वाहून गेले. झाकण उघडायचं नाही, 1916 ला कळवायचं, ही एवढी एक ओळ त्या भागातल्या प्रत्येक सुरक्षारक्षकाला सांगितलेली असती तर?

संस्थांना यापुढे जे करावं लागेल ते फार खर्चिक नाही. निर्णय घेणाऱ्याचं नाव आणि तो नसेल तर त्याच्या जागी येणाऱ्या दोघांची नावं लिहून ठेवणं. वर्षातला एक सराव तरी रात्रपाळीत आणि न सांगता घेणं. कंत्राटी माणसाला कामावर घेतल्या दिवशीच जिने, व्हॉल्व्ह, किल्ल्या दाखवणं. मोबाइल बंद पडतील असं धरून निरोपाची दुसरी सोय करणं. आणि सरावात जे फसलं ते न लपवता लिहून काढणं, कारण जिथे चूक सांगणाऱ्यावरच ठपका येतो तिथे कुणी काही सांगत नाही. लोकमान्य सेवा संघ 1923 पासून आणि पार्ले टिळक विद्यालय 1921 पासून इथे उभं आहे. लोकांना एकत्र बसवण्याची ताकद असलेल्या अशा संस्था पार्ल्यात आहेत, ही इतर उपनगरांना सहजी न लाभलेली जमेची बाजू आहे.

मोठा तिढा मात्र सरकारी पातळीवरच सुटेल. 2025 मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली आहे. त्याची परीक्षा पार्ल्यातच घेता येईल. जुलैतली भरतीची वेळ, मिलन आणि अंधेरी हे दोन्ही सबवे पाण्याखाली, विमानतळाकडून जखमींना घेऊन निघालेल्या रुग्णवाहिका आणि कूपर रुळांच्या पलीकडे. मग जवळचे मार्ग उरतात मिलन उड्डाणपूल आणि कॅप्टन विनायक गोरे उड्डाणपूल. ते दोन पूल कोणत्या मिनिटाला रिकामे करायचे, वाहतूक पोलिसांना कुणी कळवायचं, के-पूर्वनं काय करायचं आणि के-पश्चिमनं काय, कूपर भरलं तर पुढची रुग्णवाहिका कुठे वळवायची, याची एकत्र तालीम विमानतळ, रेल्वे, महापालिका आणि रुग्णालयांनी पुढच्या पावसाळ्याआधी करायला हवी.