एकाच घरात आजारपण : करणी नव्हे, कारण शोधा

आमच्या गणेशपुरीत कंबर धरली, पाय दुखले, की माणूस आधी गरम पाण्याच्या कुंडाकडे वळतो. त्यात गैर काही नाही. शेकाने बरे वाटते. पण एकाच घरातली दोन-तीन माणसे पाठोपाठ अंथरुणाला खिळली, की कुजबुज सुरू होते, ‘घराला काहीतरी लागलंय.’ मग भगताकडे खेपा. परवा दवाखान्यात एका मावशींनी मला हेच विचारले. त्यांना मी महागावची हकिकत सांगितली.

महागाव गडचिरोली जिल्ह्यात, अहेरी तालुक्यात आहे. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच कुटुंबातले ५ जण सुमारे वीस दिवसांत दगावले. आधी आईवडील, मग इतर. हातापायांना मुंग्या, कंबर व डोके असह्य दुखणे, ओठ काळे पडणे, जीभ जड होणे, अशी सर्वांची लक्षणे सारखीच होती. मदतीला आलेल्यांनाही तोच त्रास झाला. सुरुवातीच्या तपासणीत विष सापडले नाही, तरी डॉक्टरांना विषाचीच शंका आली. ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी घरातल्याच दोन महिलांना अटक केली. अन्नपाण्यातून विष दिल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. तपासात थॅलियम या धातूचे नाव पुढे आले.

थॅलियमच्या क्षारांना रंग, वास, चव काही नाही. पूर्वी ते उंदीर मारण्यासाठी वापरत. शरीर त्याला पोटॅशियम समजून आत घेते आणि नसा जळू लागतात. दोन-तीन आठवड्यांनी केस पुंजक्याने गळतात. पण तोवर रोगी ‘वात’ म्हणून तेल चोळत बसतो. वेळीच ओळखले तर ‘प्रशियन ब्लू’ नावाचे औषध उपयोगी पडते.

वाचकहो, घाबरू नका. असा घातपात विरळा. बहुतेक वेळा कारण साधे असते : दूषित पाणी, शिळे अन्न, कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात भरलेले धान्य किंवा बंद खोलीतली शेगडी. शेगडीच्या वायूने सर्वांचेच डोके दुखते, आणि बाहेर मोकळ्या हवेत आले की उतरते.

म्हणून घरात एकाहून अधिक माणसे आजारी पडली तर :

• ‘घरात आणखी कोणाला त्रास आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगा. वेगवेगळ्या दवाखान्यांत गेलात तर दुवा जुळत नाही.
• कोण, कधी, काय खाऊन आजारी पडले ते लिहून ठेवा.
• उरलेले अन्न, पाणी, तेल, औषधाचा डबा फेकू नका. झाकून सोबत आणा.
• विषाची शंका असल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा.
• मृत्यू संशयास्पद असेल तर शवविच्छेदनाला नकार देऊ नका. मागे राहिलेल्यांचे प्राण त्यानेच वाचू शकतात.

मावशींना मी एवढेच म्हणालो, “देवाला नमस्कार जरूर करा, पण आजारी माणसाला आधी दवाखान्यात आणा.”