खोक्यातल्या बुटाचा भुगा

चार वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले गोल्फचे बूट खोक्यातून काढले. वरचं चामडं चकचकीत, पण टाचेजवळ अंगठ्याने दाबलं तर तळ शिळ्या केकसारखा भुगा होऊन हातात आला. दुकानदाराने फसवलं असं वाटतं. चोर मात्र बहुधा दमट हवा असते. अनेक बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. त्यातल्या पॉलिएस्टर जातीच्या लांब साखळ्या पाण्याचे रेणू हळूहळू तोडत जातात. याला जलअपघटन म्हणतात. कोकणातला पावसाळा आणि बंद खोकं म्हणजे त्याला आयतं आमंत्रणच. थोडक्यात, न वापरताही बूट म्हातारा होतो.

मापाची गंमत वेगळीच. 18 होल चालत खेळलं की आठ-दहा किलोमीटर सहज होतात आणि पाय फुगतो. म्हणून बूट घ्यावा तो संध्याकाळी, खेळतानाचेच मोजे चढवून. फटक्याच्या वेळी उजव्या हाताने खेळणाऱ्याचा भार डाव्या पायावर जातो, पाऊल बुटातल्या बुटात पिळवटतं. टाच सैल असेल तर फोड ठरलेला! 1920च्या दशकात अमेरिकेच्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी बनवलेलं मापयंत्र लांबी-रुंदीबरोबर टाच ते चवडा हे अंतरही मोजतं, कारण पाऊल वाकतं तिथेच बूट वाकायला हवा. आपण मात्र ‘आठ नंबर दाखवा’ म्हणून मोकळे होतो. घट्ट वाटला तर ‘वापरून सैल होईल’ हे दुकानातलं पेटंट वाक्य. चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही.