कॅराव्हॅनचे डिटेलिंग : मोटारीच्या दराने हिशेब का चुकतो?

भिलाई (छत्तीसगड) : झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली कॅराव्हॅन डिटेलिंगसाठी आली की, मोटारीचा दर दुप्पट करून सांगण्याचा मोह होतो. बहुतेक वेळा हा सौदा तोट्याचा ठरतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. तरीही देशात अशा गाड्या थोड्याच असल्याने कामाचे रूढ दर तयार झालेले नाहीत.

हिशेबाची सुरुवात क्षेत्रफळापासून होते. सात मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच बॉडीच्या चारही बाजू ३६ चौरस मीटर भरतात. छताचे १४ वेगळे. हॅचबॅक याच रीतीने मोजल्यास एकूण आकडा वीसच्या आसपास येतो आणि त्यातही बरीच काच असते.

समजा, एका चौरस मीटरवर एकदा मशीन फिरवण्यास दहा मिनिटे लागतात. मग रबिंग, पॉलिश आणि वॅक्स या तीन फेऱ्यांना १८ तास, धुलाई व छताला आठ, अंतर्भागाला सहा, असे ३२ तास होतात. तासाला २५० रुपये धरल्यास मजुरी आठ हजार. साहित्याचे दोन हजार आणि वीस टक्के नफा मिळवून रक्कम १२ हजारांवर जाते; १८ टक्के जीएसटीसह १४ हजार १६० रुपये. मोटारीचा चार हजारांचा दर दुप्पट केला असता, तर जेमतेम मजुरी सुटली असती.

भिलाईसारख्या पोलादनगरीत आणखी एक काम वाढते. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या या शहरात, तसेच रेल्वेमार्गांलगत, हवेतील लोहकण रंगावर बसून गंजतात आणि नारिंगी ठिपके उमटतात. साबणाने ते निघत नाहीत. लोहकण विरघळवणारे द्रावण फवारल्यावर ठिपके जांभळे होतात. हे काम सावलीत, थंड पृष्ठभागावर करावे लागते आणि द्रावण वाळण्यापूर्वी धुवावे लागते. त्याचा उग्र वास पाहता हातमोजे आणि मोकळी हवा अनिवार्य. ही पायरी गाळून थेट क्ले बार घासला, तर तेच कण रंगावर ओरखडे पाडतात.

बॉडी फायबरची असल्यास खरी परीक्षा जेलकोटची. उन्हाने त्याची चमक जाते आणि बोट फिरवल्यास पांढरी भुकटी लागते. अशा वेळी रबिंगच्या फेऱ्या वाढतात. म्हणून दर सांगण्यापूर्वी कोपऱ्यातील एक फूटभर जागा पॉलिश करून पाहणे शहाणपणाचे. जेलकोट घासून पार गेला, तर दुरुस्तीचा खर्च संपूर्ण बिलापेक्षा अधिक होऊ शकतो.

अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्यांवर अमोनियायुक्त काच-क्लीनर वापरू नये. त्यांना बारीक तडे जातात. छतावरील झरोके आणि सांध्यांच्या सीलंटवर प्रेशर वॉशरचा झोत जवळून मारल्यास पाणी आत झिरपते. त्यामुळे काम घेतानाच सीलंटची अवस्था, जुने ओरखडे आणि खिडक्यांवरील तडे यांची छायाचित्रे काढून ती लेखी अंदाजपत्रकासोबत ग्राहकाकडून मान्य करून घ्यावीत.