जुना एफएलव्ही व्हिडीओ 'रॉ' केला तर खरंच स्पष्ट दिसतो का?

जुनी हार्ड डिस्क उघडली की नावाच्या शेवटी 'एफएलव्ही' असलेल्या फाईल हमखास सापडतात. समजा, मंद्रूपमधल्या एखाद्या घरात कोणी २००८च्या सुमारास सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा व्हिडीओ वेबसाईटवरून उतरवून ठेवला होता. तो बहुधा याच प्रकारातला असेल. मूळ व्हिडीओ इंटरनेटवरून काढला गेला असेल, तर घरातली फाईल हीच शेवटची प्रत ठरू शकते. म्हणूनच ती बदलण्याआधी थोडं समजून घेतलेलं बरं.

एफएलव्ही म्हणजे काय?

एफएलव्ही म्हणजे फ्लॅश व्हिडीओ. २००५ साली यूट्यूब सुरू झालं तेव्हा व्हिडीओ याच प्रकारात दिसायचे. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअर बंद केला, त्यामुळे ब्राउझरमध्ये फ्लॅश चालत नाही. फाईल मात्र निकामी झालेली नाही. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये ती आजही उघडते.

मग 'रॉ' म्हणजे काय?

फाईल लहान व्हावी म्हणून व्हिडीओ दाबून साठवतात. त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. रॉ व्हिडीओत हे दाबणं नसतं, प्रत्येक चित्र पूर्ण साठवलं जातं. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरने एफएलव्हीपासून रॉ फाईल बनवता येते.

त्याची किंमत जागेत मोजावी लागते. ३२० बाय २४० आकाराचं एक चित्र रॉ वाययूव्ही प्रकारात १,१५,२०० बाइट घेतं. सेकंदाला २५ चित्रं धरली, तर दहा मिनिटांना सुमारे १.७ जीबी होतात. तोच व्हिडीओ सेकंदाला ३०० किलोबिट दराने एफएलव्हीत असेल, तर जेमतेम २२ एमबी.

चित्र सुधारतं का?

नाही. एफएलव्ही बनतानाच जे बारकावे गेले, ते परत येत नाहीत. धूसर चेहरा रॉ फाईलमध्येही धूसरच राहतो. फायदा इतकाच, की एडिटिंग करताना पुन्हा दाबल्यामुळे होणारं नवं नुकसान टळतं.

आणखी एक अडचण आहे. नुसत्या वाययूव्ही फाईलमध्ये आवाज नसतो. चित्राची रुंदी, उंची आणि वेगही तिच्यात नोंदलेला नसतो. हे आकडे वेगळे लिहून ठेवले नाहीत, तर पडद्यावर नुसते तिरपे पट्टे दिसतात.

मग करायचं काय?

• मूळ एफएलव्ही कधीही पुसू नका. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

• आत व्हिडीओ कोणत्या पद्धतीने साठवलाय ते व्हीएलसीच्या कोडेक माहितीत पाहा. तिथे एच.२६४ दिसलं, तर एफएफएमपेगने चित्र पुन्हा न दाबता फक्त बाहेरचं वेष्टन बदलून एमपी४ करता येतं. दर्जा तसाच राहतो.

• सोरेन्सन किंवा व्हीपी६ असेल, तर एमपी४ नव्याने बनवावी लागते. थोडा दर्जा जातो, म्हणून ती मूळ फाईलवरूनच बनवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या प्रतीवरून नको.

• एडिटिंगसाठी दर्जा जपायचा असेल, तर एफएफव्ही१ हा पर्याय आहे. यात फाईल रॉपेक्षा लहान होते आणि चित्रातलं काहीच गमावत नाही.

थोडक्यात, पाठवायला एमपी४, कामापुरती रॉ किंवा एफएफव्ही१ आणि जपायला मूळ एफएलव्ही.