औद्योगिक पट्ट्यातील सायकलस्वारांची सुरक्षितता आणि विद्यार्थी-संशोधन

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पाळीच्या वेळी सायकलवरून ये-जा करणारा कामगार हा या परिसराचा नित्य घटक बनला. पुढे, १९८२ मध्ये, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ या केंद्रीय उपक्रमात निवडल्या गेलेल्या ११ शहरांत हे शहर होते. मात्र अशा उपक्रमांत डोळ्यांसमोर असतो तो बहुधा सकाळी व्यायामासाठी निघालेला सायकलस्वार, पाळीवर जाणारा नव्हे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थी-प्रकल्पांचा ओढा संवेदकयुक्त हेल्मेटसारख्या उपकरणांकडे असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते संशोधनाची सुरुवात चौकातून व्हावी. ट्रक डावीकडे वळताना त्याचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या मार्गाने जात नाही. पुढील व मागील आसांत ५.५ मीटर अंतर असून आतील पुढचे चाक १२ मीटर त्रिज्येने वळत असेल, तर मागचे चाक सुमारे १.३ मीटर आत सरकते. नेमक्या त्याच जागेत सायकलस्वार असतो. आणि उजवीकडे बसलेल्या चालकाला तो दिसत नाही. हेल्मेट येथे फारसे उपयोगी पडत नाही.

पोलिसांकडील नोंदींत घडलेले अपघात असतात, थोडक्यात टळलेले नसतात. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात विकसित झालेल्या वाहतूक-संघर्ष पद्धतीत अशा टळलेल्या प्रसंगांचीच मोजणी केली जाते. चाकणच्या तळेगाव चौकात पाळी बदलताना परवानगीने चित्रीकरण करून, दर १५ मिनिटांची गणना व असे प्रसंग विद्यार्थ्यांना नोंदविता येतील. (निरीक्षकांनी रस्त्यावर उतरू नये, हे सांगावयास हवे.)

आराखड्यात सायकल ओलांडण्याची जागा चौकाच्या तोंडापासून सुमारे ५ मीटर मागे घेतल्यास वळण पूर्ण करणाऱ्या ट्रकच्या बाजूला नव्हे, तर समोर सायकलस्वार येतो. हा बदल प्रथम शंकू व रंगाने तात्पुरता करून पाहता येतो. त्यासाठी रस्त्यानुसार महानगरपालिका, एमआयडीसी वा महामार्ग प्राधिकरण यांची, तसेच २०१८ पासून कार्यरत असलेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेची अनुमती लागते. या पत्रव्यवहारातच सत्र संपते, म्हणून तो विभागाने आधीच्या सत्रात उरकावा. पुढील तुकडीने त्याच चौकात, त्याच महिन्यात व त्याच पाळीच्या वेळी पुन्हा मोजणी करावी. अन्यथा फरक आराखड्यामुळे पडला की ऋतुमानामुळे, हे ठरविता येणार नाही.