कोकमाचा रंग कसा मोजतात?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्यास समुद्रकांठानें जातांना आरे-वारे हीं गांवें लागतात. वैशाखांत येथल्या अंगणांत रातांब्याच्या साली वाळत असतात. त्यांना रातांब्याच्याच रसाचीं पुटें दिलीं कीं आमसुलें होतात. साखरेंत मुरविल्या कीं अमृतकोकम. गेल्या उन्हाळ्यांत मुंबईच्या एका आप्तानें मला विचारलें, "अण्णा, बाजारांतील बाटली लालभडक आणि तुमचें सरबत फिकट, तुम्ही कोकम कमी तर घातलें नाहीं?" प्रश्न मनाला लागला. परंतु त्याचें उत्तर डोळ्यांनीं देतां येत नाहीं. तें मोजूनच द्यावें लागतें.

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन ह्या द्रव्यांचा आहे. वनस्पतींतील फ्लेव्होनॉइड नांवाच्या मोठ्या कुलांतील हीं द्रव्यें. आम्लता बदलली कीं त्यांचा रंग पालटतो. सोलकढी करतांना नारळाच्या दुधांत पडलेला लाल रस जांभळट दिसूं लागतो, त्यांत ह्या गुणाचाहि वाटा आहे.

ह्याच गुणावर मोजणीची रीत उभी आहे. सरबताचे दोन सारखे भाग घेऊन ते सारख्याच प्रमाणांत पातळ करतात. एक पीएच १ च्या तीव्र आम्ल द्रावणानें, दुसरा पीएच ४.५ च्या सौम्य द्रावणानें. वीस मिनिटांनीं पाहावें तों पहिला लालच असतो. दुसऱ्यांतील अँथोसायनिनाचा रंग जवळजवळ गेलेला असतो. मग ५२० नॅनोमीटर लहरीचा हिरवा प्रकाश प्रत्येक नमुना किती शोषतो तें यंत्रानें मोजतात, व गढूळपणाचा हिशेब ७०० नॅनोमीटरवर घेऊन तो वजा करतात. उरलेल्या दोन आंकड्यांतील फरक हा खऱ्या अँथोसायनिनाचा. त्याला सायनिडिन-ग्लुकोसाइडाच्या ४४९.२ ह्या रेणुभारानें, जितके पट पातळ केलें त्या आंकड्यानें व १००० नें गुणून २६,९०० नें भागावें. लिटरांतील मिलिग्रॅम मिळतात. फरक ०.३० व पातळ दहापट असेल, तर उत्तर सुमारें ५०.

आतां गंमत अशी कीं, मिसळलेला कृत्रिम रंग दोन्ही द्रावणांत सहसा सारखाच राहतो. म्हणून वजाबाकींत तो गळून पडतो. लालभडक बाटलीचा आंकडा शून्याजवळ येऊं शकतो! मात्र जुन्या सरबतांतील रंगद्रव्यें परस्परांस जोडलीं गेलीं कीं तींहि फिकीं होत नाहींत. तेव्हां एवढ्यावरून कोणास भेसळखोर म्हणूं नये. त्यासाठीं पांढऱ्या लोकरीचा धागा आम्ल केलेल्या सरबतांत उकळतात. कृत्रिम आम्लरंग धाग्यास घट्ट धरतो, अमोनियांत सुटतो, आणि पुन्हा आम्लांत नव्या धाग्यावर चढतो.

अस्सल रंग ऊन व उष्णता यांनीं उणावतो. म्हणून बाटली थंड व अंधाऱ्या जागीं ठेवावी, आणि फिकटपणा पाहून करणाऱ्यावर संशय घेऊं नये. आपण लालीचाच आग्रह धरला, तर प्रामाणिक घरगुती कारागिरासहि रंगाची पुडी उघडण्याचा मोह होईल.