इलिया गाराशानिन व त्याचें गुप्त टिपण

सर्बिया देशाचा एकोणिसाव्या शतकांतील मुत्सद्दी इलिया गाराशानिन याचें नांव आमच्याकडे फारसें परिचित नाहीं. परंतु त्यानें १८४४ सालीं तयार केलेलें एक गुप्त टिपण, तें दडून राहिल्याचा काळ, तें उजेडांत आल्यावर त्याचे लावले गेलेले अर्थ, आणि पुढें त्याचा मूळ खर्डा छापला गेल्यामुळें त्या अर्थांस बसलेला धक्का, हा सर्व वृत्तांत जुन्या कागदपत्रांचा संग्रह व अभ्यास करणारांस बोधप्रद आहे. म्हणून तो येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

प्रथम स्थलकालाची माहिती देणें अवश्य आहे. सर्बिया हें १८३० पासून तुर्की सुलतानाच्या सार्वभौमत्वाखालील मांडलिक संस्थान होतें. अंतर्गत कारभार सर्बांचा; परंतु सुलतानास खंडणी द्यावी लागे, व राजधानी बेलग्रेड येथील किल्ल्यांत तुर्की शिबंदी असे. उत्तरेस डॅन्यूब व साव्हा नद्यांपलीकडे ऑस्ट्रियाचें साम्राज्य होतें, आणि ऑर्थोडॉक्स धर्मीयांचा कैवारी म्हणून रशिया येथील कारभारांत वारंवार हात घालीत असे. तीन बलिष्ठ सत्तांच्या मध्यें सांपडलेल्या ह्या लहानशा संस्थानांत ओब्रेनोविच व काराजॉर्जेविच अशा दोन राजघराण्यांचें वैर होतें, हें निराळेंच.

गाराशानिनचा जन्म १८१२ सालीं गाराशी नांवाच्या खेड्यांत झाला. त्यावरूनच हें उपनांव पडलें. त्याचा बाप मिलुटिन साविच हा सधन व्यापारी होता. मुलानें झेमुन येथें ग्रीक भाषेचें शिक्षण घेतलें, जर्मनही आत्मसात केली, व जकातीच्या खात्यांत नोकरीस आरंभ केला. १८३७ सालीं मिलोश ओब्रेनोविच यानें त्यास सैन्याच्या अधिकारावर नेमिलें. १८४२ सालीं मात्र ओब्रेनोविचांविरुद्ध उठाव झाला. राजपुत्र मिहाइलो यास देशत्याग करावा लागला व अलेक्झांडर काराजॉर्जेविच गादीवर आला. ह्या धामधुमींत गाराशानिनचा बाप मारला गेला. उठाव करणारा पक्ष ‘घटनेचे रक्षक’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच पक्षाच्या राजवटींत, १८४३ सालीं, गाराशानिनकडे अंतर्गत कारभाराचें मंत्रिपद आलें व तें जवळजवळ नऊ वर्षें त्याच्याकडे राहिलें. पोलीस, सरहद्द व बातमीदार हीं सर्व त्याच्या हाताखालीं असल्यामुळें परराष्ट्रकारणाचीं गुप्त सूत्रेंही त्याच्याच हातीं आलीं.

ह्याच सुमारास फ्रांटिशेक झाख नांवाचा एक चेक गृहस्थ बेलग्रेडास आला. पॅरिस येथें राहून पोलंडच्या स्वातंत्र्यासाठीं खटपट करणारा राजपुत्र आडाम चार्टोरिस्की याचा तो प्रतिनिधि होता. सर्बियानें रशिया व ऑस्ट्रिया या दोहोंच्याही पकडींतून सुटून दक्षिणेकडील स्लाव लोकांचें पुढारीपण करावें, अशी चार्टोरिस्कीची इच्छा होती. झाखनें ह्या धोरणाची एक विस्तृत योजना लिहून गाराशानिनच्या हवालीं केली. तिच्या आधारें गाराशानिननें १८४४ सालीं जें टिपण तयार केलें, तेंच ‘नाचेर्तानिये’, म्हणजे आराखडा, होय.

टिपणांतील मुख्य प्रतिपादन असें : तुर्कांचें साम्राज्य मोडकळीस आलें आहे; तें पडल्यावर एक तर रशिया व ऑस्ट्रिया त्याचे लचके तोडतील, किंवा तेथील ख्रिस्ती प्रजा स्वतःचें राज्य उभारील. सर्बिया लहान आहे, व लहान राहिल्यास तिचा निभाव लागणार नाहीं. म्हणून स्टेफान दूशान याच्या चौदाव्या शतकांतील साम्राज्याचा वारसा सांगून तिनें नवें राज्य बांधावें. ह्यासाठीं सुचविलेले उपाय मोठे व्यवहारी आहेत. बोस्निया, हर्झेगोव्हिना, माँटेनेग्रो, बल्गेरिया व उत्तर आल्बेनिया ह्या प्रांतांत विश्वासू माणसें पाठवून लोकांचा कल, शस्त्रास्त्रें व प्रमुख पुरुष यांची माहिती मिळवावी; बोस्नियांतील तरुणांस बेलग्रेडांत राज्यकारभाराचें शिक्षण द्यावें; प्रार्थनेचीं पुस्तकें सर्बियांत छापून बाहेर पाठवावीं; आणि ऑस्ट्रियावरील व्यापारी परावलंबन टाळण्याकरितां उल्त्सिन्य बंदराकडून समुद्राची वाट मिळवावी. धर्माच्या बाबतींत सर्वांस मोकळीक असावी, असेंही त्यांत म्हटलें आहे.

हें टिपण प्रसिद्धीसाठीं लिहिलेलें नव्हतें. लोकांस तें छापील रूपानें दिसलें तें १९०६ सालीं, बेलग्रेडच्या ‘देलो’ मासिकांत. म्हणजे लिहिल्यापासून बासष्ट वर्षांनीं, व कर्त्याच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनीं. त्या वेळीं तें सर्वस्वी गाराशानिनच्या बुद्धीचें फळ समजलें गेलें. कोणी त्यास द्रष्टा म्हटलें, कोणी शेजाऱ्यांचे मुलुख गिळूं पाहणाऱ्या राजनीतीचा आद्य प्रवर्तक. १९३९ सालीं द्रागोस्लाव्ह स्त्रान्याकोविच या संशोधकानें झाखचा खर्डा प्रसिद्ध केला, तेव्हां दोन्ही पाठ शेजारीं ठेवून वाचणें शक्य झालें. आणि गाराशानिनच्या टिपणाचा फार मोठा भाग झाखच्या लेखांतून जवळजवळ शब्दशः उचललेला आहे, असें उघड झालें.

मग गाराशानिनचें स्वतःचें त्यांत काय उरलें? पाठभेद पाहण्याची संवय असलेल्या वाचकांस ह्याचें उत्तर कोठें शोधावें हें सांगावयास नको. ज्या ठिकाणीं लेखणी फिरली, त्या ठिकाणींच कर्त्याचें मन दिसतें. झाखनें जेथें दक्षिण स्लावांचा उल्लेख केला, तेथें गाराशानिननें अनेकदां सर्ब हा शब्द घातला; आणि क्रोएशिया व चेक देश यांच्याशीं सख्य करण्याविषयींचे झाखचे विवेचन त्यानें गाळून टाकलें. कोणी ह्यावरून त्याची दृष्टि संकुचित होती असें ठरवितात. दुसरे म्हणतात कीं, क्रोएशिया व चेक देश ऑस्ट्रियाच्या अमलाखालीं होते. त्या साम्राज्याशीं उघड वैर पत्करणें मांडलिक संस्थानास परवडणारें नव्हतें, म्हणून तुर्की मुलुखापुरतेंच धोरण आंखणें हा मुत्सद्दीपणा होय.

ह्या वादाचा निर्णय केवळ एका कागदावरून करूं नये. पुढील वर्तन काय सांगतें तेंही पाहिलें पाहिजे. १८५२ सालीं गाराशानिन प्रधानमंत्री झाला. परंतु तो आपल्या विरुद्ध आहे असें रशियाचें मत असल्यामुळें, त्या सरकारच्या आग्रहावरून १८५३ सालीं त्यास काढण्यांत आलें. १८५८ च्या सेंट अँड्र्यू लोकसभेनें अलेक्झांडरास पदच्युत केलें, त्या घडामोडींत त्याचा हात होता. मिहाइलो पुन्हां गादीवर आल्यावर १८६१ सालीं त्यानें ह्याच जुन्या विरोधकास प्रधानमंत्री व परराष्ट्रमंत्री नेमिलें. १८६२ सालीं तुर्की शिबंदीनें बेलग्रेड शहरावर तोफा डागल्या. त्यानंतरच्या दीर्घ वाटाघाटींचें फळ म्हणून १८६७ सालीं शिबंदी बेलग्रेडसह उरलेले किल्ले सोडून गेली, आणि हें मोठें कार्य युद्धावांचून साधलें. त्याच दोन वर्षांत माँटेनेग्रो व ग्रीस यांशीं तह झाले. इतकेंच नव्हे, तर क्रोएशियाचा बिशप स्ट्रॉसमायर याच्या पक्षाशींही एकत्र राज्याविषयीं बोलणीं चाललीं. १८४४ सालीं ज्या क्रोएशियाचें प्रकरण त्यानें गाळलें, त्याच्याशीं तेवीस वर्षांनीं तो स्वतः संबंध जोडीत होता. तेव्हां गाळलेला मजकूर हा कायमचा नकार मानणें युक्त नाहीं.

१८६७ च्या अखेरीस मिहाइलोनें त्यास अधिकारावरून दूर केलें. पुढील वर्षीं जून महिन्यांत त्या राजपुत्राचा बेलग्रेडजवळील उपवनांत खून झाला. गाराशानिनचा मुलगा स्वेतोझार हा त्या वेळीं राजपुत्राचा शरीररक्षक अधिकारी असून जखमी झाला. पदच्युत झालेला वृद्ध मुत्सद्दी त्या प्रसंगीं तांतडीनें शहरांत गेला व मंत्र्यांस सावध करून त्यानें राजधानींत अराजक माजूं दिलें नाहीं. १८७४ सालीं तो वारला. त्याचा दुसरा मुलगा मिलुटिन हाही पुढें प्रधानमंत्री झाला. झाख सर्बियाच्या सैनिकी विद्यालयाचा पहिला प्रमुख होऊन सेनापतिपदास पोंचला.

१९९१ नंतर युगोस्लाव्हिया भंग पावून रक्तपात झाला, तेव्हां हें टिपण पुन्हां वादांत ओढलें गेलें, व आपापल्या पक्षास सोयीचीं वाक्यें त्यांतून उपटून दाखविण्यांत आलीं. दीडशें वर्षांपूर्वींच्या एका गुप्त कागदावर जिवंत माणसांच्या अपराधांचा भार टाकण्यांत येत असेल, तर त्या कागदाचा खर्डा, त्यांतील फेरफार, व कर्त्याचें पुढील आचरण हीं तिन्ही एकत्र मांडून दाखविणें हें संशोधकाचें कर्तव्य ठरतें. एक खर्डा जपून ठेवला गेल्यानें एका मुत्सद्द्याच्या चरित्राचा अर्थ बदलला. संग्राहकाच्या दप्तरांतील निरुपयोगी वाटणाऱ्या कच्च्या कागदांची किंमत ह्याहून अधिक स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाहीं.